शरण येण्याचा क्रम: कृपा, लीनता आणि सार्वकालिक आशा यांवर सहा आठवड्यांचे घरगुती मनन

नाशिकमध्ये शरणपूर रोड हे नाव आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना, दवाखाना शोधताना, मुलांच्या क्लासची वेळ गाठताना दिवसातून कितीतरी वेळा घेतो. त्या नावात ‘शरण’ हा शब्द आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने त्या वेळच्या गावाबाहेर ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही वस्ती वसवली. पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुलेही इथे आणली गेली, शिकली, मोठी झाली. ज्यांना माघारी जायला घर उरले नव्हते त्यांची ही जागा होती. शरण जाणे म्हणजे हरणे नव्हे, तर जिथे आपल्याला आत घेतले जाते तिथे पोहोचणे, हे मला या एका नावावरून जितके कळले तितके पुष्कळ प्रवचनांतूनही कळले नव्हते.

कृपा, लीनता आणि सार्वकालिक आशा या तीन विषयांवर घरच्या घरी मनन कसे करावे, हे या लेखात सांगायचे आहे. मुख्य मुद्दा आधीच मांडतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. या तिघांचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलता येत नाही. आधी कृपा, मग लीनता, मग आशा. मी स्वतः तरुणपणी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आधी नम्र व्हायचे, मग देव कृपा करील आणि मग मरणानंतरचे काही बोलता येईल, असा माझा समज होता. त्यातून काही वर्षे केवळ थकवा आणि दुसऱ्यांविषयीचा कडवटपणा हाती आला. कृपेवाचून आणलेली लीनता हे एक सोंग असते, आणि ते सोंग वठवणाऱ्याला ते ओळखू येत नाही, हे त्याचे खरे दुःख आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

सहा आठवडे ठरवून बाजूला काढा. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंतचा (ईस्टरपर्यंतचा) उपवासकाळ यासाठी सर्वांत सोयीचा आहे. त्यातले रविवार वगळले की उपवासाचे चाळीस दिवस भरतात, आणि मंडळीतील उपासनाही त्याच दिशेने चाललेली असल्यामुळे घरातल्या मननाला आधार मिळतो. परंतु वर्षाच्या कोणत्याही सोमवारी सुरुवात केली तरी चालते. आपण प्रोटेस्टंट मंडळीचे असा किंवा कॅथलिक धर्मग्रामाचे, या पद्धतीत अडचण येण्यासारखे काही नाही.

लागणारे साहित्य थोडे आहे: मराठी पवित्र शास्त्र, साधी दोनशे पानी वही आणि पेन. मोबाइलवर बायबल वाचण्याची सवय असली तरी या सहा आठवड्यांपुरते छापील पुस्तक घ्यावे, कारण मनन म्हणजे त्याच ओळीकडे पुन्हा पुन्हा परत येणे, आणि हातातल्या पडद्यावर दर मिनिटाला दुसरे काहीतरी येत राहते. जागा एकच ठेवा. स्वयंपाकघरातील ओट्याजवळचा स्टूल असला तरी हरकत नाही, पण रोज तोच असावा.

रोजची बैठक

पंचवीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. पहिली दोन-तीन मिनिटे काहीही न वाचता, न मागता बसावे. त्यानंतर नेमलेला उतारा मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी जाणूनबुजून धरतो, कारण डोळे ओळखीच्या वचनांवरून घसरत पुढे जातात, पण कान तसे करू देत नाहीत. मग तोच उतारा पुन्हा, अधिक सावकाश वाचावा आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबावे. अडखळणे म्हणजे भावणेच असते असे नाही. एखादे वाक्य पटत नसेल, त्याचा राग येत असेल, तर तेच त्या दिवसाचे वाक्य समजावे. त्यानंतर दहा मिनिटे वहीत लिहावे आणि शेवटी जे लिहिले तेच देवाशी बोलावे. प्रार्थनेसाठी वेगळी भारदस्त भाषा शोधण्याची गरज नाही.

पहिले तीन आठवडे: कृपा

सहापैकी निम्मा वेळ मी कृपेला देतो. तो जास्त वाटला तरी कमी करू नये. या तीन आठवड्यांसाठी एकच कडक नियम आहे: वहीत एकही संकल्प लिहायचा नाही. ‘उद्यापासून मी असे करीन’ या धर्तीचे वाक्य लेखणीखाली आले तर ते खोडावे. संकल्प वाईट असतात म्हणून नव्हे, तर आपण देणाऱ्याच्या भूमिकेत इतके रुळलो आहोत की घेणाऱ्याच्या भूमिकेत तीन आठवडे टिकणे हाच मोठा अभ्यास आहे म्हणून.

पहिल्या दिवशी ‘कृपा’ हा शब्द आपल्या बोलण्यात कुठे कुठे येतो ते लिहून काढा. कोणी खुशाली विचारली तर आपण ‘तुमच्या कृपेने’ म्हणतो. कचेरीत ‘साहेबांची कृपा आहे’ म्हटले की त्याचा अर्थ वशिला असा होतो. घरात काही चांगले झाले की वडीलधारी माणसे पूर्वजांच्या पुण्याईचे नाव काढतात. या सर्व वापरांत कृपा कशाच्या तरी बदल्यात किंवा कोणाच्या तरी ओळखीने मिळते. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र निराळा आहे. लायकी न पाहता, परतफेडीची अपेक्षा न ठेवता आणि देण्यातच आनंद मानून दिलेले दान, असा तो अर्थ आहे. जुन्या करारातील ‘हेसेद’ हा इब्री शब्द त्याला जोडून ध्यानात ठेवावा. दिलेला शब्द न मोडणारे, समोरचा चुकला तरी न सुटणारे प्रेम त्यात आहे. आपल्या मनात कृपा म्हणताना नेमके काय येते हे आधी स्पष्ट झाले नाही, तर पुढचे सारे वाचन वशिल्याच्याच अर्थाने होत राहते.

पहिल्या आठवड्यासाठी लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, वचने ११ ते ३२ घ्यावीत. घर सोडून गेलेल्या मुलाची ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत, म्हणून ती तीन भागांत तोडून वाचावी: दोन दिवस धाकट्या मुलासोबत, दोन दिवस बापासोबत आणि उरलेले दिवस थोरल्या मुलासोबत. धाकट्याने परदेशातच एक भाषण तयार केले होते. मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा, असे त्याचे तीन भाग होते. घरी आल्यावर तो बोलू लागतो, पण मोलकऱ्याचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही, कारण त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगतो. १९ वे आणि २१ वे वचन शेजारी शेजारी ठेवून हे पाहा. मग वहीत आपले स्वतःचे तयार भाषण लिहा. देवासमोर जाताना आपण मनात काय जुळवाजुळव करून जातो, कोणत्या अटीवर त्याने आपल्याला ठेवून घ्यावे असे सुचवतो, ते प्रामाणिकपणे लिहा आणि त्यातले मजुरीचे वाक्य शोधून त्यावर रेघ मारा.

थोरल्या मुलाच्या दिवसांत घाई करू नये. जे लोक नियमित उपासनेला जातात, मंडळीच्या कामात झिजतात, घरच्या आजारी माणसांचे करतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपली जागा इथेच सापडते. इतकी वर्षे मी राबलो आणि मला साधे करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार खोटी नाही. पण बापाच्या घरात राहून तो मजूरच राहिला. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे २८ वे वचन अधोरेखित करून ठेवावे. तो शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मत्तयाचा विसावा अध्याय, वचने १ ते १६. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा हा दाखला नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. पेठ आणि सुरगाण्याहून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे उतरणारी मजूर कुटुंबे आपण पाहिली आहेत. शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभी राहिलेली आणि ऊन चढले तरी तिथेच उभी असलेली माणसेही पाहिली आहेत. दाखल्यातला मालक पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता नाक्यावर जातो. पाच वाजता उभ्या असलेल्यांना तो विचारतो तेव्हा ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी सर्वांना एकेक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाचा रोज मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

हा दाखला वाचताना आपण बहुधा न्यायाच्या प्रश्नावर अडकतो. एक दिवस त्यावर जरूर द्यावा. पण दीनार ही दिवसभराच्या पोटापाण्याची रक्कम होती, आणि पाच वाजता आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडे होती, हे मालकाला ठाऊक होते. तासाच्या हिशेबाने दिले असते तर त्या घरात त्या रात्री चूल पेटली नसती. कृपा माणसाच्या श्रमांकडे पाहण्याआधी त्याच्या गरजेकडे पाहते. वहीत लिहावयाचा प्रश्न असा: मी किती वाजता आलो? आणि माझ्यानंतर आलेल्या कोणाला पूर्ण दीनार मिळाल्याचे मला अजून खुपते आहे? नाव सुचले तर नाव लिहा. वही आपल्याखेरीज कोणी वाचणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात इफिसकरांस पत्र २:१-१० आणि करिंथकरांस दुसरे पत्र १२:७-१० हे दोन उतारे आलटून पालटून वाचावेत. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी मिळवलेले नाही, हे इफिसकरांस पत्रातले ८ वे आणि ९ वे वचन पुष्कळांना पाठ असते, पण १० वे वचन नसते. सत्कर्मे करण्यासाठीच आपल्याला घडवले आहे, असे तिथे लगेच पुढे म्हटले आहे. कृपा फुकट आहे, तर मग कसेही वागले तरी चालेल का, हा प्रश्न ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या काळीही विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी त्याने त्याला ठाम नकार दिला आहे. सत्कर्मे हे कृपेचे मूल्य नव्हे, फळ आहे.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करावा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान मूठभर साखर तरी घालून देतात. ही रीत सुंदर आहे आणि ती मोडू नये. पण डबा परत करताना आपल्या मनात चालणारा हिशेब एकदा नीट पाहावा, आणि त्या रात्री देवासमोर बसताना हात अक्षरशः उघडे, रिकामे ठेवून बसावे. त्याच्याकडे डबा रिकामाच न्यायचा असतो. मला हे करताना पहिल्यांदा जो संकोच वाटला, त्यावरून माझ्या प्रार्थनेत किती देवघेव शिरली होती ते मला कळले.

पौलाच्या शरीरातील काट्याविषयीचा उतारा आजारपणात किंवा सुटत नसलेल्या अडचणीत असलेल्यांनी सावकाश वाचावा. त्याने तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर त्याला काट्यासकट मिळाले. कृपा म्हणजे अडचण दूर होणे, असे समीकरण ज्यांच्या मनात आहे त्यांना हा उतारा बोचतो, आणि बोचला तर बोचू द्यावा.

कृपा घाई करत नाही, याचे नाशिकच्या मातीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या या बाईंच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे जग कोसळले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांतला विरह, राग आणि हळूहळू उकललेले मन हे सारे देवाच्या दृष्टीने वाया गेलेला काळ नव्हता, असे मी मानतो. आपल्या घरातील एखादी व्यक्ती विश्वासापासून दूर असेल तर या आठवड्यात तिला समजावण्याऐवजी तिच्यासाठी केवळ प्रार्थना करावी.

चौथा आणि पाचवा आठवडा: लीनता

मराठीत आपल्याजवळ लीनता, नम्रता, विनय असे चांगले शब्द आहेत आणि त्यांच्या अगदी शेजारी लाचारी हा शब्द उभा आहे. मनन सुरू करण्यापूर्वी यांतला फरक पक्का करावा. लाचार माणूस समोरच्याच्या भीतीने वाकतो. लीन माणूस स्वतःचे खरे माप ओळखून असतो, म्हणून त्याला वाकण्याचीही भीती वाटत नाही आणि ताठ उभे राहण्याचीही. लॅटिनमध्ये लीनतेचा शब्द ‘ह्यूमस’ म्हणजे मातीशी जोडलेला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून मनुष्य घडवतो, आणि इब्रीत ‘आदाम’ व माती या अर्थाचा ‘अदामा’ हे शब्द एकमेकांना लागून आहेत. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना हीच आठवण दिली जाते. माती असणे हा अपमान नव्हे, कारण त्याच मातीत देवाने श्वास फुंकला.

चौथ्या आठवड्यात लूक १८:९-१४. मंदिरात प्रार्थनेसाठी गेलेल्या परूश्याचे, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाचे, शब्द नीट तपासा. आठवड्यातून दोनदा उपास आणि उत्पन्नाचा दशांश, यांत त्याने काही खोटे सांगितलेले नाही. त्याची चूक डोळ्यांच्या दिशेत आहे: देवापुढे उभा राहून तो शेजारच्या जकातदाराकडे पाहतो. या उताऱ्यात वाचकासाठीही एक खड्डा आहे. ‘बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही’ असे मनात आले की आपण त्याच्याच जागी उभे असतो. मी एके वर्षी वहीच्या मागच्या पानावर आपल्या नम्र वागण्याच्या नोंदी ठेवू लागलो होतो: आज अमक्याचे ऐकून घेतले, आज रांगेत मागे राहिलो. पंधरा दिवसांनी ते पान वाचल्यावर लाज वाटली आणि ते फाडावे लागले. म्हणून सांगतो, लीनतेच्या आठवड्यांत आपल्या नम्रतेविषयी काहीही लिहू नये. दुसऱ्यांमध्ये दिसलेले चांगले तेवढे लिहावे. रोज एका माणसाविषयी, आणि शक्यतो ज्याच्याशी आपले जमत नाही त्याच्याविषयी.

पाचव्या आठवड्यात योहान १३:१-१७ आणि फिलिप्पैकरांस पत्र २:५-११. येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग आपण उपासनेत पुष्कळदा ऐकतो, पण ३ ऱ्या वचनाकडे लक्ष जात नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो उठला आणि त्याने रुमाल कमरेला बांधला. आपण कोणाचे आहोत हे पक्के ठाऊक असलेला माणूसच दुसऱ्याच्या धुळीने भरलेल्या पायांपाशी बसू शकतो. आरंभी सांगितलेला क्रम या वचनात स्पष्ट दिसतो, म्हणून मी तो बदलू नका असे म्हणतो. मग पेत्राकडे पाहा. तो पाय धुवून घ्यायला नकार देतो. सेवा करण्यापेक्षा सेवा करून घेणे अधिक जड जाते, विशेषतः आयुष्यभर इतरांचे करत आलेल्या आईबापांना. म्हणून या आठवड्याची कृती दुहेरी ठेवावी: कोणालाही न सांगता एक हलके मानलेले काम करावे, आणि कोणी आपल्यासाठी काही करू लागले तर ‘राहू दे, मी करतो’ न म्हणता ते करू द्यावे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजातल्या पुष्कळ कुटुंबांच्या मागे अस्पृश्यतेचा इतिहास आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकवले गेले त्यांना, किंवा मार खाणाऱ्या पत्नीला, ‘लीन व्हा’ असे सांगणे हा पवित्र शास्त्राचा दुरुपयोग आहे. फिलिप्पैकरांस पत्रात स्वतःला रिक्त करतो तो देवाच्या स्वरूपाचा आहे, म्हणजे उतरतो तो वरचा. आणि लूकच्या पहिल्या अध्यायातल्या मरीयेच्या स्तोत्रात देव दीनांना उंच करतो, गर्विष्ठांची दाणादाण उडवतो. दबलेल्या माणसाने लीनतेचे मनन मरीयेच्या स्तोत्रापासून, म्हणजे १:४६-५५ पासून सुरू करावे. मान वर करणे हीच त्याच्यासाठी देवापुढची नम्रता असू शकते.

विद्वत्ता आणि लीनता एकत्र कशा नांदतात हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य आठवावे. संस्कृतच्या ज्ञानासाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या या बाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या निराधार स्त्रिया आणि मुली सांभाळल्या, उतारवयात इब्री आणि ग्रीक यांवर मेहनत घेतली आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते.

सहावा आठवडा: आशा

‘आशा सुटेना अन् देव भेटेना’ ही म्हण आपण ऐकत वाढलो. आपल्या संतपरंपरेत आशा म्हणजे पायातली बेडी आहे, सोडून द्यावयाची गोष्ट आहे. त्यामुळे मराठी माणसाने नव्या करारातील ‘आशा’ हा शब्द वाचताना थोडे थांबले पाहिजे. संत ज्या आशेपासून सावध करतात ती हाव आहे, मिळेल की नाही या टांगणीवरचे मन आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (१:३) ज्या जिवंत आशेविषयी बोलतो ती घडून गेलेल्या गोष्टीवर, येशूच्या पुनरुत्थानावर, उभी आहे. या दोन आशांचा अर्थ एकमेकींत मिसळू देऊ नये.

ही आशा कशी असते हे मला द्राक्षबागेत कळले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तेव्हा ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक-दोनदोन डोळे ठेवून सगळ्या काड्या काढून टाकतात. हिरवीगार बाग पाहिलेल्याला ते उघडे खुंट पाहवत नाहीत. पुढे नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्यातच त्या काड्यांवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळा जातो, ऑक्टोबरची छाटणी होते, आणि तेव्हा तो डोळा फुटून घड बाहेर येतो. बागाईतदार त्या काळात काडीला पाणी आणि खत देतो ते आत घड आहे हे ठाऊक असल्यामुळे. रोमकरांस पत्र ८:१८-२५ हा उतारा या आठवड्यात पहिले दोन दिवस वाचावा. जे दिसत नाही त्याची आशा धरून धीराने वाट पाहण्याविषयी पौल तिथे लिहितो.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी करिंथकरांस पहिले पत्र १५:३५-४४ आणि प्रकटीकरण २१:१-५. आपल्यापैकी अनेकांची कल्पना अशी असते की मेल्यावर देह टाकून आत्मा वर जातो आणि एवढ्यावर सगळे संपते. पवित्र शास्त्राची आशा याहून मोठी आहे: पेरलेल्या दाण्यातून यावे तसे देहाचे पुनरुत्थान, नवे आकाश आणि नवी पृथ्वी, आणि देव स्वतः मनुष्यांमध्ये वस्तीला येऊन त्यांच्या डोळ्यांतील अश्रू पुसतो ते दृश्य. म्हणून ख्रिस्ती माणूस देहाला टाकाऊ मानत नाही.

याची एक साक्ष शरणपूरशी जोडलेली आहे. गुलामीतून सुटून नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकन तरुण स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होता. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग देह मीठ लावून, उन्हात सुकवून, बांधून, त्यांनी सुमारे नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता. तिथल्या शिळेवर वाहून आणणाऱ्यांची नावे नाहीत, विश्वासू हातांनी आणले एवढेच आहे. मला त्या शिळेवर त्यांची नावे हवी होती असे वाटते, आणि ती देवाजवळ लिहिलेली आहेत असा विश्वासही आहे.

पाचव्या दिवशी वहीत आपल्या गेलेल्या माणसांची नावे लिहावीत. शेजारी थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४:१३-१४ आणि योहान ११:३५ ही वचने ठेवावीत. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे पौल म्हणतो. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. अंत्यविधीला जाऊन घरच्यांना ‘रडू नका, तो प्रभूजवळ आहे’ असे सांगण्याची घाई आपण सोडली पाहिजे.

मन कोरडे पडले तर

सहा आठवड्यांत असे दिवस येतातच. वाचलेले शब्द लाकडासारखे लागतात, किंवा दुःख इतके असते की कृपा हा शब्दही नको होतो. अशा दिवशी नेमलेला उतारा बाजूला ठेवून ६९ वे स्तोत्र काढावे. पाणी माझ्या गळ्यापर्यंत आले आहे, अशीच त्याची सुरुवात आहे. गोदावरीला पूर आला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले हे नाशिककर विचारतात. तसे त्या दिवशी पाणी कुठवर आले आहे तेवढे वहीत लिहावे आणि उठावे. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये. जिथे थांबलो तिथूनच पुढे जावे.

घरातल्यांसोबत

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी रात्री, घरातल्यांनी एकत्र बसून आठवड्याचा उतारा वाचावा आणि प्रत्येकाने एकच वाक्य बोलावे. लहान मुलांना आधी बोलू द्यावे. कोणाच्याही बोलण्यात दुरुस्ती करू नये. ख्रिस्ती नसलेली सून, जावई किंवा शेजारी बसले असतील तर त्यांनाही बोलू द्यावे. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे नारायण वामन टिळक सांगत, हे आपण विसरू नये. अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर बैठक त्यांच्या खाटेपाशी घ्यावी.

शेवटची पहाट

सहाव्या आठवड्याच्या रविवारी, उजाडण्यापूर्वी, आपल्या माणसांच्या कबरेपाशी जाता आले तर जावे. न जमल्यास घराच्या गच्चीवर किंवा दारात उभे राहावे. पुनरुत्थानाच्या रविवाराच्या सुमारास निफाड-दिंडोरीच्या बागांतून खरड छाटणी झालेली किंवा सुरू असते. योहानाच्या विसाव्या अध्यायातील १ ते १६ ही वचने मोठ्याने वाचावीत. अंधार असतानाच मरीया मग्दालिया कबरेकडे येते, ती रिकामी पाहून रडत उभी राहते, आणि मागे उभ्या असलेल्या येशूला ती बागेचा माळी समजते. तो तिला फक्त नावाने हाक मारतो. १६ व्या वचनाशी थांबून पुस्तक मिटावे, वहीतली नावे एकेक करून उच्चारावीत, शेवटी आपले स्वतःचे नाव घ्यावे, आणि पुरते उजाडेपर्यंत तिथेच थांबावे.